लॅमिनेशन केलेला दाखला

मित्रांनो, हसू नका. चुलीपाशी जो काळवंडलेला, कडा वितळलेला कागद पडलाय ना, तो मी. तपासणीचा एक जुना दाखला.

माझा जन्म कोरोनाच्या काळात सरकारी दवाखान्यात झाला. वडिवळे गावच्या सावळाला खंडाळ्याच्या एका बंगल्यावर लग्नात वाढपी म्हणून जायचं होतं, आणि दाखल्याशिवाय तिथं कुणाला आत घेत नव्हते. नाकात काडी घातली तेव्हा गडी केवढ्यानं शिंकला! मग माझ्यावर ‘निगेटिव्ह’ छापलं, खाली गोल शिक्का बसला. मुदत जेमतेम तीन दिवसांची. पण सावळाला आयुष्यात मिळालेला तो पहिलाच शिक्क्याचा कागद. त्यानं मला थेट लॅमिनेशनच्या दुकानात नेलं. तीन दिवसांचं माझं आयुष्य, आणि अंगावर जन्मभराचं प्लॅस्टिक!

काय माझा थाट होता म्हणून सांगू! साहेब लोकांचे दाखले मोबाइलमध्ये, मी मात्र सावळाच्या खिशातून चकाकत बाहेर यायचो. मीही फुगून गेलो होतो, खोटं कशाला बोलू?

महिन्याभरानं त्याच्या लेकीचं, बबिताचं लग्न घरच्या मांडवात ठरलं. सावळा बंगल्यावरच कामाला राहिला होता. सुट्टी मिळाली ती लग्नाच्याच सकाळी. निघतानाच त्याचं अंग कसकसत होतं, घसा धरला होता. खिशात मला सगळं कळत होतं, पण कागदाला तोंड कुठं असतं?

मांडवाच्या दाराशी त्याचा भाचा उमेश दाखले बघत होता. त्यानं माझी चकाकी बघितली, शिक्का बघितला, तारखेकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

“मामा, तुमचा तर पक्का कागद हाय. जावा आत.”

आत पहिल्याच खुर्चीवर सावळाची आई, आक्काबाई बसली होती. छातीचं दुखणं तिला कायमचंच. लेकाला बघून तिनं शेजारच्या खुर्चीवर हात आपटला. “ये रं सावळ्या, हितं बस माझ्यापाशी!”

सावळानं पाऊल उचललं आणि त्याला खोकल्याची उबळ आली. तो तिथंच थांबला. माझ्याकडं बघून पुटपुटला, “तुला काय ठावं, मला आज काय व्हतंय ते?” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“आये, म्या न्हाई येत आत. लय खोकला हाय,” तो लांबूनच म्हणाला.

“आरं, लेकीचं लगीन हाय! कागद हाय ना तुझ्याकडं?”

“कागदाला खोकला येत न्हाई, आये.”

तो बाहेर जांभळीखाली जाऊन उभा राहिला. कन्यादान त्याच्या धाकट्या भावानं केलं. सावळानं तिथूनच अक्षता टाकल्या, एकही बबितापर्यंत पोचली नाही. ती मात्र सारखी जांभळीकडं बघत होती. बाप इतका रडला की मास्क भिजून गेला.

दोन दिवसांनी त्याचा नवा दाखला आला, ‘पॉझिटिव्ह’. तो काही कुणी लॅमिनेट केला नाही. पुढं सावळा बरा झाला, आणि आक्काबाईला काहीच झालं नाही.

तेव्हापासून मी आक्काबाईच्या चुलीला वारा घालतो. मित्रांनो, गर्दीत जाताना दाखला जरूर जवळ ठेवा, त्याची तारीख वाचा, पण आपल्या घशालाही विचारा. नुसतं मला विचारून काय उपयोग? मी अजूनही हेच सांगतोय की सावळाला काही झालेलं नाही.

बघा, आक्काबाई ओरडलीच. “आगं, माझा कागद कुटं गेला? भाकरी कच्ची ऱ्हाईल!” चला, म्हातारी वाट बघतेय.