मावशीचं फूल

मित्रांनो, मी एक जुना ग्रुप आहे. मोबाईलवरचा हो! मला हात नाहीत, पाय नाहीत, राहायला स्वतःचं घरही नाही. 'आपला पाडा' हे माझं नाव. दिघाशीजवळच्या एका पाड्यावरची माणसं माझ्यात राहतात आणि मी त्यांच्या खिशात, कमरेला नाहीतर पदराच्या गाठीत राहतो. त्यामुळे त्यांनी लिहिलेलं तर मला कळतंच, पण न लिहिलेलंही कानावर पडतं.

माझा जन्म टाळेबंदीतला. वडप्याच्या गोदामात कामाला जाणाऱ्या हितेशने मला तयार केलं. तेव्हा रस्ते बंद, गाड्या बंद, कुणाला कुणाचा पत्ता नाही. हितेशने घरोघरी हिंडून नंबर गोळा केले आणि माझ्या कपाळावर पाड्याच्या वेशीवरच्या वाघोबाचा फोटो लावला. रेशन कधी मिळणार, लस कुठे टोचतात, उद्या गोदामात माणसं लागणार का, सगळं माझ्यावर यायचं. एकदा कुणाची तरी गाभण शेळी चुकली होती, ती माझ्यामुळे सापडली. अख्ख्या पाड्याने माझं कौतुक केलं. मला छाती नाही, पण तेव्हा ती फुगली होती एवढं खरं.

पुढे टाळेबंदी उठली आणि माझ्यात शुभ सकाळ, शुभ रात्री, वाढदिवस असा पसारा वाढला. हितेशला कुठूनतरी झेंडूच्या फुलांची चौकट मिळाली होती. ज्याचा वाढदिवस, त्याचा फोटो तो चौकटीत बसवायचा. मग पाडाभरातून जोडलेले हात आणि फुलं यायची.

त्यात एक फूल न चुकता यायचं, बकुळामावशीचं. बकुळामावशी म्हणजे हितेशच्या आईची, सोनीची, थोरली बहीण. ती वज्रेश्वरीच्या पलीकडच्या पाड्यावर राहायची आणि सोनीच्या माहेरचं तेवढंच एक माणूस उरलं होतं. हितेशनेच तिला आपला जुना फोन दिला होता. असा उघडायचा, हे फूल दाबायचं, एवढं शिकवलं होतं. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिला आपलं माणूस दिसलं की ती फूल दाबायची. माणूस नसलं तरी दाबायची! एकदा पाड्याची विजेची डीपी जळाली, तीन दिवस वीज येणार नाही असा निरोप आला, त्याखालीही मावशीचं फूल हजर. त्या दिवशी पाडा पोट धरधरून हसला. म्हणजे मित्रांनो, मावशीला वाचता येत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. हितेशला तर होतंच होतं.

मग हितेश गोदामात सुपरवायझर झाला. तिथे एक नियम होता. ग्रुपवर टाकलं म्हणजे कळवलं. शिफ्ट बदलली, गाडी उशिरा लागली, टाकलं की झालं. मला कळलं नाही असं म्हणायची सोय नाही. हा नियम त्याने घरी आणला. पाड्यावर कुणी कुरकुर केली की तो म्हणायचा, ग्रुप बघत जा. आणि मीही मोठा शहाणा, मला तो नियम फार आवडला. हरभऱ्याच्या झाडावर चढायला मला पाय लागले नाहीत.

पाड्याची रीत मात्र वेगळी होती. कुणी गेलं की एक माणूस तोंडी सांगावा घेऊन निघायचा. बाई गेली तर आधी तिच्या माहेरी. माहेरचं लुगडं अंगावर पडल्याशिवाय तिला उचलायचं नाही. हे सांगाव्याचं काम शेजारचे सोमाकाका करायचे, आधी पायी आणि नंतर मोटारसायकलवर.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी सोनी चुलीपाशी बसल्याबसल्याच गेली. हितेशच्या लग्नातला आईचा एक फोटो होता, तोंडभर हसतानाचा. तोच त्याने घेतला आणि हाताशी होती म्हणून झेंडूच्या चौकटीत बसवला. खाली लिहिलं, आई गेली, दुपारी माती आहे. बघता बघता जोडलेल्या हातांचा ढीग पडला. त्या ढिगात एक फूल आलं.

सोमाकाकांनी चपला घातल्या होत्या. ते म्हणाले, "मी जाऊन येतो बकुळाकडं. असा सांगावा तोंडानंच द्यावा."

हितेश म्हणाला, "कशाला काका? ग्रुपवर टाकलंय. मावशीचं फूलबी आलंय."

काकांनी चपला काढल्या. मित्रांनो, तेव्हा मी ओरडायला हवं होतं. पण मला तोंड तुमचंच, तुम्ही बोलाल तेवढंच मी बोलणार.

लोकांनी दुपार कलेपर्यंत वाट पाहिली. मावशी आली नाही. बाया कुजबुजल्या, सख्खी बहीण फूल टाकून मोकळी झाली. शेवटी सोनीच्याच पेटीतलं एक लुगडं काढून तिच्यावर घातलं आणि तिला नेलं. हितेशला मावशीचा इतका राग आला की त्याने तिला फोनही केला नाही. यायचं नव्हतं तर नको येऊ दे, म्हणाला.

दिवसकार्याच्या आधी, एका दुपारी, बकुळामावशी अंगणात येऊन उभी राहिली. फडक्यात उकडलेले करांदे, रानातले कंद, होते. सोनीला करांदे फार आवडायचे. वळचणीपासूनच तिने हाक दिली, सोने, ए सोने! मग हितेशच्या डोक्याकडे लक्ष गेलं. ते भादरलेलं होतं.

हितेशने राग गिळला नाही. तू फूल टाकलंस, आली मात्र नाहीस, असं तो म्हणाला आणि फोन तिच्यासमोर धरला. मावशीने तो फोटो पाहिला. बराच वेळ पाहिला.

"ही हासते हाय," ती म्हणाली. "मला वाटलं तिचा वाढदिवस हाय. शेजारणींना दाखवलं मी, माझी बहीण बघा म्हणून."

करांद्यांचं फडकं तिने ओट्यावर ठेवलं. "सांगाया कुणी आलंच न्हाय रं. माझ्या हातचं लुगडं न्हाय पडलं तिच्या अंगावर."

हितेश मावशीचे पाय धरून रडला, पण रडून काय होणार! मावशी त्याला एक शब्द वाकडा बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं, असं हितेश अजून बायकोला, दिपिकाला, सांगतो.

त्यानंतर मावशीचं फूल बंद झालं. शुभ सकाळला नाही, वाढदिवसाला नाही. हितेशने तो फोटो माझ्यातून काढायचा प्रयत्न केला. पण वेळ निघून गेली की माझ्यातलं सगळ्यांसाठी पुसता येत नाही. त्याच्या एकट्याच्या फोनमधून पुसता आला असता, तो त्याने पुसला नाही. कधीकधी तो वर वर सरकवत तिथपर्यंत जातो. त्याचा अंगठा त्या फुलावर थांबतो. मला तेव्हा फार अपराधी वाटतं. त्याने मला टाकून दिलं असतं तरी माझी तक्रार नव्हती.

मागच्या महिन्यात दिपिका भिवंडीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी झाली. मी वाट बघत बसलो, आता फोटो येईल, आता हात जोडले जातील. काहीच नाही. हितेशने गाडीला किक मारली आणि खिशात मला घेऊन तो थेट वज्रेश्वरीच्या पलीकडे गेला. मावशीच्या दारात उभं राहून त्याने तोंडाने सांगितलं. मावशी आत गेली, पेटी उघडली आणि बाळाला गुंडाळायला एक मऊ लुगडं काढून आणलं. मग तिने त्याला फोन दाखवला, बोलून पाठवतात ते शिकव म्हणाली.

मित्रांनो, पाड्यातल्या बाळाची बातमी माझ्यावर पहिल्यांदाच सगळ्यात शेवटी आली, तीही मावशीच्या आवाजात. "सोनीला नात झाली. हितेश घरी येऊन सांगून गेला." आणि त्याखाली फूल.

मला वापरा, मी नको म्हणत नाही. पण माझ्यावर टाकून झालं, की एकदा चपला घाला.