बांगड्याच्या पेटीतले पहारेकरी

मी एक जुनी बर्फाची पेटी आहे, मित्रांनो. जन्माने निळी, आता उन्हाने पांढुरकी. रत्नागिरीच्या जेट्टीवर अयूबने मला वर्षानुवर्षे बांगडा वाहायला वापरले. माझ्यातली मासळी कधी विटली नाही, म्हणून माझी तारीफ व्हायची. पुढे बिजागरी तुटली आणि मी माडाखाली कोंबड्यांची बैठक झाले. फार वाईट वाटायचे.

मग अयूबच्या मुलीने, मनालने, मला घासूनपुसून कॉलेजच्या कामाला घेतले. गेल्या साली रोगाने तिच्या मामूचे कोळंबीचे तळे रिकामे झाले होते. यंदा रोग शिरताच कळावा, म्हणून ती पहारेकरी घडवत होती. आपले शरीर आपले-परके ओळखते ना, तीच शक्ती तिला कुपीत हवी होती. पहारेकरी म्हणजे डीएनएचे धागे. तळ्यातल्या नेहमीच्या जिवांना चिकटणारे धागे तिने आधीच काढून टाकले होते. उरलेल्यांना काही चिकटले, म्हणजे परका आला! मग कुपी हिरवी चमकायची. आपले-परके निवडण्याचे हे संगणकासारखे काम, पण पाण्याच्या थेंबात.

पहारेकऱ्यांच्या परीक्षेच्या दिवशी कुप्या थंड राहाव्यात म्हणून माझ्यात बर्फ अयूबने हौसेने भरला. प्रयोगशाळेत कुप्या उघडल्या, तर सगळ्याच हिरव्या. नुसत्या स्वच्छ पाण्याचीसुद्धा!

"मनाल, दिसेल त्याला चोर म्हणणारा पहारेकरी काय कामाचा? थांबवू या हे," तिच्या कॉलेजच्या विमला मॅडम म्हणाल्या.

मनालचा चेहरा पडला. कुप्यांची बुचे माझ्यातल्या बर्फाच्या वितळलेल्या पाण्यात बुडाली होती. तिने ते पाणी हुंगले आणि फोन लावला.

"अब्बा, बर्फ कुठला घातलात?"

"कालचा बांगड्याचा तळाला, वर नवा. तसाच टिकतो गो बाय!"

मनालने कपाळाला हात लावला. नव्या कुपीत स्वच्छ पाणी घातले, काही चमकले नाही. मग माझ्या तळाचा एक थेंब टाकला. हिरवी!

"अगं, खोटं नव्हते बोलत हे. बांगडा पकडला त्यांनी!" मॅडम हसत सुटल्या. माझाही जीव भांड्यात पडला. मला वाटले होते, पुन्हा कोंबड्याच नशिबी.

मित्रांनो, जुन्या वस्तूला बोल लावण्याआधी तिच्या तळाशी काय उरले आहे ते बघा. आम्हाला धुवा, कोरडे करा, झाकण उघडे ठेवा. आम्ही अजून कामाला येतो.

मामूने तळ्यात पुन्हा पिल्ले सोडली आहेत. आज सकाळी त्या पाण्याची कुपी माझ्यातूनच आली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत राहिलो. ती चमकली नाही.