उलट्या पोपटाची कॅसेट

मित्रांनो, मी एक जुनी कॅसेट आहे आणि स्वस्थ बसणं माझ्या स्वभावातच नाही. एका चाकावरून सुटायचं, दुसऱ्यावर गुंडाळायचं, टोक आलं की पुन्हा मागे, असा माझा जन्म. थांबले की मला वाटतं, आपलं काहीतरी राहून गेलं. म्हणून मी भरभर सांगते, तुम्ही तेवढ्याच भरभर ऐका.

सत्याऐंशी साली बेळगावच्या बाजारातून अंजनानं मला घेतलं तेव्हा मी कोरी होते. दुकानातल्या माझ्या शेजारणी भजनांना गेल्या, भावगीतांना गेल्या, आणि माझ्या नशिबी काय येतंय याची मला कोण घाई झाली होती! अंजना बेळगावातल्याच शहापूरच्या विणकराची लेक. कॉलेज संपल्यावर ती संगणकाच्या क्लासला जाऊ लागली होती. तिथं टीव्हीला जोडायचा, रबरी बटणांचा एक छोटा संगणक होता. वीज बंद केली की तो शिकवलेलं सगळं विसरायचा. त्याला शिकवलेलं टिकवायचं तर ते टेपरेकॉर्डर लावून माझ्यासारखीवर उतरवून ठेवावं लागे.

अंजनानं स्वतःच्या डोक्यानं एक खेळ रचला. साडीच्या पदरात विणलेला पोपट सुटतो आणि मागावरून उडू लागतो. आडवा धागा घेऊन धोटा इकडून तिकडे धावत असतो. तो चुकवत पोपटाला पलीकडच्या काठापर्यंत न्यायचं. चित्रं काढली तिच्या वडिलांनी, सत्याप्पांनी. साडीची नक्षी ते चौकटीच्या कागदावर काढत, तशीच त्यांनी पोपटाची काढली. त्यांच्या मागावर साडीची उलटी बाजू वर असे, त्यामुळं त्यांचा हात सगळं उलटंच काढायचा. अंजना रोज थोडं थोडं सुलटं करून घ्यायची. तीन महिन्यांनी तो खेळ चिरक्या आवाजात किंचाळत माझ्यात शिरला. गाणं नव्हतं ते, पण मला फार अभिमान वाटला.

क्लासच्या प्रदर्शनात निपाणीच्या मारुतीराव मास्तरांनी मला विकत घेतलं. अंजनाचं ते पहिलं गिऱ्हाईक! मास्तरांच्या शाळेतला संगणक मोठा होता, कडक बटणांचा. आठवीच्या मुलींना त्याच्यासमोर बसवून ते म्हणाले, "हा खेळ तुमच्यासारख्याच एका मुलीनं केलाय." त्यांतल्या बहुतेकींच्या आया विड्या वळायच्या. मुली पुढं सरकल्या. मी जीव तोडून किंचाळले. एकदा, दोनदा, तीनदा. पडदा काळा तो काळाच.

आमच्या सीमाभागात मांजरालाही मराठी आणि कानडी दोन्ही कळतं. पण या दोन संगणकांना एकमेकांचं अक्षरही कळत नव्हतं. एकासाठी केलेला खेळ दुसऱ्यावर चालत नाही, हे मास्तरांना ठाऊक नव्हतं, आणि तुमचा संगणक कुठला, हे अंजनानं विचारलं नव्हतं.

दारातून भरमू शिपाई हसला, "पोरीनं केल्यालं, आणि काय हुणार!"

मुलींनी माना खाली घातल्या. मला खडूंच्या डब्याशेजारी कपाटात टाकलं गेलं. महिनाभर मी तिथं तडफडत होते.

शेवटी मास्तर मला घेऊन शहापूरला आले. अंजना कारणं सांगू लागली, तशी सत्याप्पांनी तिला थांबवलं. "अंजने, घरातनं गेल्याली साडी परत आली तर कारण सांगायचं न्हाय. मागावर बसायचं."

तो महिना संपला की मास्तर निवृत्त होणार होते. त्यांच्यामागं मुलींसाठी संगणकाची खोली कुणी उघडणार नव्हतं. एकच रविवार हाताशी होता, आणि किल्ली सहा वाजता हेडमास्तरांना परत द्यायची होती. सकाळच्या बसनं बापलेक निपाणीला पोचले. अंजनानं त्या संगणकाची भाषा पुस्तकातून चाचपत सगळा खेळ पुन्हा लिहिला. मी टेपरेकॉर्डरमध्ये, दुसरी बाजू पुढं करून, तयार होते. दुपारी दोनला पोपट पडद्यावर उडाला, पण शेपटी पुढं आणि चोच मागं! घाईत अंजनानं वडिलांचा कागद जसाच्या तसा उतरून घेतला होता.

"आप्पा, आदी कॅसेटवर घेऊ, मग सुधारू," ती म्हणाली.

"चुकल्यालं मागावरनं उतरवायचं न्हाय," सत्याप्पा म्हणाले. "आदी सुधार."

तिनं ऐकलं. विणकराच्या घरात हा शब्द मोडत नाहीत. मी आत ओरडत होते, अगं आधी मला दे, मला दे! कॅसेटचं कोण ऐकतं? चोच नीट होत आली होती, तेवढ्यात करंट गेला.

सकाळपासूनचं सगळं गेलं. अंजना काळ्या पडद्याकडं बघत बसली. मला सत्याप्पांचा राग आला होता, खोटं कशाला सांगू.

करंट आला तेव्हा सव्वाचार वाजले होते. मास्तरांनी बोलावलेल्या मुली पायरीवर येऊन बसल्या होत्या, आणि भरमूही दाराला टेकून उभा होता. अंजना पुन्हा टाईप करायला बसली. सत्याप्पा कागद हातात घेऊन चौकटी मोठ्यानं वाचू लागले, "तीन भर, एक सोड, दोन भर..." मागावर वाचतात तसं, म्हणजे उलट्या बाजूनंच. पावणेसहाला पोपट उडाला. पुन्हा शेपटी पुढं.

"आप्पा, पोपट..." अंजनाचा हात थांबला.

वर दिवा मिणमिणत होता, करंट पुन्हा जायच्या बेतात होता. सत्याप्पा उठले, टेपरेकॉर्डरपाशी आले आणि आपल्या जाड बोटांनी प्ले आणि रेकॉर्ड ही दोन्ही बटणं एकदम दाबायला सज्ज झाले.

"असू दे. उतरव."

उभ्या जन्मात चुकलेली साडी मागावरून न उतरवलेला माणूस तो. त्यानंच ती दोन्ही बटणं दाबली. माझा सगळा राग गेला. मी एकही अक्षर सांडू दिलं नाही.

मग शेवंता नावाची मुलगी बटणांसमोर बसली. तीनदा धोट्याखाली सापडली, चौथ्यांदा काठाला पोचली, आणि बाकीच्या ओरडल्या, "आता मी, आता मी!" भरमूनं घड्याळ बघितलं, पण किल्ली मागितली नाही, आणि या वेळी तो हसलाही नाही.

"आक्का, पोपट उलटा का गं उडतोय?" शेवंतानं विचारलं.

अंजनाच्या आधी सत्याप्पाच बोलले, "माजी चूक हाय ती, बाळ. तू खेळ."

मित्रांनो, निवृत्त होताना मास्तरांनी मला अंजनाकडं परत दिलं; आता मी तिच्या पत्र्याच्या डब्यात असते. एका बाजूला पहिला खेळ, दुसऱ्या बाजूला निपाणीचा. माझ्यासारखी कुणी तुमच्या घरात असेल तर तिला उन्हात टाकू नका, लोहचुंबकाजवळ ठेवू नका. आणि तुमचं काम अर्धं असो, चुकलेलं असो, आधी कुठंतरी जपून ठेवा. सुधारायला उद्याचा दिवस असतो. त्या दुपारी सुलटा होत आलेला पोपट गेला, तो गेलाच. आमचा हा उलटा आहे, पण आहे.