शेवंतीचे दिवे

विषुववृत्ताजवळच्या लेंबांगच्या उतारावर शेवंती पिकवणारा माणूस उजेड विकत घेऊन जगतो. त्या भागात बाराही महिने रात्र दिवसाएवढीच लांब, आणि लांब रात्र दिसली की शेवंतीला वाटतं, चला, फुलायची वेळ झाली. दांडी वीतभर असली तरी ती कळी धरून बसते. बुटकी शेवंती मंडपवाले हातात घेत नाहीत. म्हणून रोपं लावली की पॉलिहाऊसमध्ये अंधार पडल्यावर दिवे लावायचे, रोपांना दिवस लांबल्याचं भासवायचं, आणि दांडी कंबरेला लागली की मगच दिवे काढायचे.

सुहेरमानचा जन्म यात गेला होता. त्याची मुलगी इमास मात्र त्याच उतारावर, वरच्या वेधशाळेत, अंधारावर पोट भरत होती. आजवर दोघांचं निभावलं होतं, कारण तिला हवे असलेले तारे डोक्यावर किंवा पूर्वेला असत आणि बापाचे दिवे खाली पश्चिमेला. त्या वर्षी कोरड्या दिवसांत वासुकी तारकासमूहातल्या एका दीर्घिकेत तारा फुटला आणि हे गणित बिघडलं.

दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचं गाव. ही सर्पिल होती. मधे पिवळट गाभा, त्याभोवती गुंडाळलेल्या दोन निळसर भुजा, आणि भुजांवर गुलाबी ठिपके, जिथे नवे तारे जन्माला येतात. बाहेरच्या भुजेच्या टोकाशी एक ठिपका असा उगवला होता, जो आधीच्या कुठल्याच छायाचित्रात नव्हता. फुटलेला तारा विझत जातो, तसा हाही विझत चालला होता. पण इमासचं म्हणणं होतं की या ताऱ्याने मरण्याआधी वायूचं एक कवच बाहेर टाकलंय. स्फोटाचा मलबा त्या कवचावर जाऊन आदळला की ठिपका पुन्हा उजळेल. तिच्या वरिष्ठ हार्तिनीबाईंना हे पटत नव्हतं. मोठ्या देशांतल्या मोठ्या दुर्बिणींना या ठिपक्यामागे धावायला सवड नव्हती. रोज संध्याकाळी त्याचा उजेड मोजणारी इमास एकटीच होती. तो उजळला आणि तिने पकडला, तर ते जन्माचं काम झालं असतं. हुकला तर पुन्हा बघायला मिळणार नव्हता.

आणि दीर्घिका आता पश्चिमेला कलली होती. बापाच्या पॉलिहाऊसवर धुकं उतरायचं, दिव्यांनी ते पांढरंफटक व्हायचं, आणि त्या दुधाळ डागात ठिपका बुडून जायचा.

इमास घरी जेवायला आली आणि विषय काढला.

"अबाह, एक काम आहे तुमच्याकडे."

"आधी भात खा," सुहेरमान म्हणाला. "रिकाम्या पोटी तू सांगितलेलं काम मला नेहमी महागात पडतं."

तिने खाता खाता सगळं सांगितलं. तो सांबळची तिखट चटणी बोटाने चाटत ऐकत राहिला.

"हा तारा फुटला कधी म्हणालीस?"

"दीड कोटी वर्षांपूर्वी. उजेड आत्ता पोचला."

"दीड कोटी वर्षं दम धरला त्याने. आणि माझी रोपं घोट्याला लागली नाहीत तोच त्याला घाई सुटली होय!"

एमाला, म्हणजे इमासच्या आईला, हसताना ठसका लागला.

"दिवे बंद करा म्हणत नाही मी," इमास म्हणाली. "दिव्यांची पाळी बदलून घ्या. पहिली उवांना द्या, दुसरी तुम्ही घ्या. रोपांना काय, उजेड मिळाल्याशी मतलब."

सुहेरमानने ताट बाजूला सारलं. त्या वस्तीतल्या तारा जुन्या होत्या, सगळ्यांचे दिवे एकदम लागले की वीज जायची. म्हणून पाळ्या ठरल्या होत्या. तिन्हीसांजेपासूनची पहिली सुहेरमानची, त्यानंतरची त्याच्या थोरल्या भावाची, ओयोची; इमास त्यालाच उवा म्हणायची. दोघांच्या पॉलिहाऊसमध्ये एकच टेकाड होतं, त्याआड ओयोचे दिवे वेधशाळेतून दिसत नसत. आणि चार वर्षांत दोघांनी एकमेकांना साधं 'जेवलास का' विचारलं नव्हतं. ओयोने मुलाच्या लग्नात मंडपाला शहरातून फुलं आणवली होती. एवढंच. पण सुहेरमानला ते जिव्हारी लागलं होतं.

"मी विचारते उवांना. माझं ऐकतील ते," इमास म्हणाली.

"त्याच्या दारात पाऊल टाकलंस तर इथे जेवायला येऊ नकोस."

"अबाह, चार वर्षं झाली आता!"

"सख्खा भाऊ शेवंती पिकवतो आणि हा बाहेरून फुलं आणतो! गाव मंडपाखाली उभं राहून मला विचारत होतं, सुहेरमान, ही तुझीच का रे? आणि आणलं काय, तर गुलाब. गुलाब, पोरी! दुसऱ्या दिवशी माना टाकल्या त्यांनी."

"तू गप जेव गं," एमा लेकीला म्हणाली. इमास ताट धुऊन वर निघून गेली.

दुसऱ्या संध्याकाळी पश्चिमेचा दुधाळ डाग नव्हता. इमास दोनदा बाहेर येऊन बघून गेली. उतार काळाकुट्ट होता. म्हणजे म्हातारा भावाकडे गेला तर! ओयोच्या ओट्यावर बसून दोघं आल्याचं गरम बांद्रेक पीत असतील, असं चित्र तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला फार बरं वाटलं. तिने आईला निरोप पाठवला, 'अबाहना सांग, उपकार झाले.' आईचं उत्तर आलं, 'जेवलीस का?'

त्यानंतर तिने मान वर केली नाही. दीर्घिका मावळली की घुमट बंद करून आतल्या खोलीत आकडेमोड, मग झोप. दुसऱ्या पाळीला खाली अबाहचे दिवे लागतात का, हे बघायला ती एकदाही बाहेर गेली नाही. ठिपका विझत गेला, मग काही दिवस विझायचा थांबला. तिची भूक उडाली. तिसऱ्या आठवड्यात तो उजळायला लागला. हार्तिनीबाईंनी सगळे आकडे स्वतः तपासले, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "माझं चुकलं. बस लिहायला."

ती लिहायला बसली नाही. सकाळी वाटेत तांदळाच्या घावनासारख्या गरम सुराबी बांधून घेतल्या आणि जवळजवळ पळतच खाली आली. बाप पॉलिहाऊसमध्ये होता. ती दार ढकलून आत शिरली आणि जागीच थांबली.

रोपं गुडघ्यालाही लागली नव्हती आणि प्रत्येकाच्या टोकाला कळी होती. पार शेवटच्या वाफ्यापर्यंत. इमास याच वाफ्यांतून रांगत मोठी झाली होती, तिला कुणी काही सांगायची गरज नव्हती.

"उवांनी पाळी दिली नाही?"

"मागितलीच नाही."

"मग?"

"मग काय. बंद ठेवले दिवे."

"तीन आठवडे? अबाह, अख्खं पीक गेलं!"

"त्याच्या दारात उभं राहून हात जोडण्यापेक्षा हे सोपं गेलं मला."

इमासच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाच्या हट्टाचा राग आला, ओयोच्या गुलाबांचा आला, आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला. एकदा खाली येऊन बघितलं असतं तर!

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस त्याच्याकडे."

हे खरंच होतं. ती वाफ्याच्या कडेला मातीत बसली. सुराबीचं पुडकं मांडीवर गार होत होतं.

"याचं काय करणार आता?"

"थडग्यांवर वाहायला चालतात बुटकी. पडेल भावात जातील." तो जरा घुटमळला. "तुझा तो उजळला का?"

"उजळला."

"तू म्हणत होतीस तसाच?"

"तसाच."

"आणखी कुणी बघितला?"

"नाही. फक्त इथूनच."

सुहेरमानने पाठ फिरवली आणि नाक शिंकरलं. बराच वेळ शिंकरत होता.

"किती दिवस दिसेल अजून?" त्याने तिकडे तोंड करूनच विचारलं.

"सूर्याआड जाईपर्यंत. आठ-दहा संध्याकाळी असतील. पण मला नको आता, अबाह. आजपासून दिवे लावा."

"आता कशाला? एकदा कळी धरल्यावर दिवे लावून काय होतंय? तू बघ निवांत."

त्याने कोपऱ्यातली शिडी आणून वाफ्यात उभी केली, वर चढला, आणि एकेक दिवा काढून खाली तिच्या हातात देऊ लागला.