आभाळ दिल्लीचं, जिना आमचा

सांताक्रूझ पूर्वेला आमची इमारत तीन मजल्यांची, लिफ्ट नसलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या माणिककाकूंचं खुब्याचं हाड मोडलं, तेव्हापासून चौदा महिने त्या आपल्या पायांनी खाली उतरल्या नव्हत्या. डॉक्टरकडे न्यायचं तर दोन माणसं खुर्चीसकट उचलायची. "विसर्जनाला काढल्यासारखं," काकू म्हणायच्या. त्यांचा हट्ट एवढाच, की दशरथच्या हातगाडीवरची भाजी स्वतःच्या हातानं निवडायची.

ते जमेना, म्हणून मी निवडायचे. मी तळमजल्यावर राहते, एकटी. ब्लाउज शिवते. काकू गॅलरीतून दोरीला बांधलेली पिशवी सोडायच्या, मी जुडी घालायचे, आणि पिशवी वर पोचली की हाक यायची, "शकू, ही मेथी डोळे मिटून घेतलीस का गं?"

लिफ्टसाठी काकूंच्या यजमानांनी, श्यामकाकांनी, जंग जंग पछाडलं. काका मंत्रालयातून निवृत्त झालेले, त्यांचा माणसांपेक्षा कागदावर विश्वास. लिफ्टचं यंत्र गच्चीवर बसवायचं तर इमारत दीड मीटरनं उंच होणार, आणि विमानं आमच्या डोक्यावरून उतरतात. काकांनी राज्याला लिहिलं. उत्तर आलं, उंचीचा विषय केंद्राचा. केंद्राला लिहिलं. उत्तर आलं, बांधकामाचा विषय राज्याचा.

"दोघंही बरोबर आहेत," काका म्हणाले. तेच त्यांना खात होतं. कुणी चुकलं असतं तर भांडता तरी आलं असतं. "जमीन राज्य सूचीत, विमानं केंद्र सूचीत. घटनेनं वाटणी करून दिलीय शकू, आणि बरी केलीय. सगळं एकाच्याच मुठीत असतं तर जास्त वाईट."

"आणि जिना कुणाच्या सूचीत?" काकूंनी आतून विचारलं.

काका चष्मा पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी मी हुक लावत होते, तर खिडकीसमोर पिशवी लोंबकळताना दिसली. दशरथ केव्हाच येऊन गेला होता. काकूंना ते कळलं नव्हतं. पिशवी बराच वेळ वाट बघत राहिली आणि मग रिकामीच वर गेली.

मी ब्लाउज बाजूला ठेवला आणि तिन्ही जिने चढले.

"काका, तुम्ही खाली राहायला या. मी वर येते."

"अगं, अदलाबदलीचा दस्त करायचा तर..."

"नावं राहू देत जिथली तिथं. चुली हलवू फक्त."

"मला उपकार नकोत," काकू म्हणाल्या. "तुझी गिऱ्हाईकं तीन जिने चढणार? सगळ्यांचे गुडघे गेलेत. धंदा बसेल तुझा."

हे खरं होतं. तोडगा काढला काकांनी. त्यांनी दिल्लीचं पत्र उलटं केलं आणि कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले. चौदा महिन्यांत मी त्यांना इतकं खूश पाहिलं नव्हतं. वरचं सगळं घर माझं. खालचं स्वयंपाकघर आणि आतली खोली काकूंची. बाहेरची खोली समवर्ती. म्हणजे अकरा ते पाच तिथं माझं मशीन, नंतर त्यांचा टीव्ही.

"समवर्तीत भांडण झालं तर?" मी विचारलं.

"सहसा केंद्राचं चालतं."

"आपल्यात केंद्र कोण?"

"मी," काकू म्हणाल्या. "आणि ते मशीन खिडकीपासून हलव. तिथं मी बसणार."

काज करायला मला तोच उजेड लागतो. मी म्हटलं, "बरं."

काकूंना शेवटचं खुर्चीतून खाली आणलं त्याला आज आठ दिवस झाले. सकाळी मी वरच्या गॅलरीत उभी होते. काकू काठी टेकत फाटकापर्यंत गेल्या. वीस मिनिटं त्यांनी दशरथच्या जुड्या उलटसुलट केल्या. तो कावला, "मावशी, लग्न जमवताय का मेथीचं?" काकूंनी लक्ष दिलं नाही. एक जुडी त्यांनी स्वतःसाठी घेतली, दुसरी मी दोरीनं सोडलेल्या पिशवीत घातली आणि वर बघून ओरडून काहीतरी विचारलं. नेमकं तेव्हाच विमान गेलं. मला ऐकू आलं नाही.

मी पिशवी ओढून घेतली. मेथी निम्मी पिवळी होती.

"झकास आहे, काकू!" मी ओरडले.