नाव घ्यायची वेळ

प्रभाकररावांनी वर्ध्यातलं कापसाचं रिकामं गोदाम साफ करून आत चढायच्या भिंती उभ्या केल्या, तेव्हा अख्खा बाजार हसला. माणसं काय पाली आहेत? पण एक भिंत लेकरांची, एक नवशिक्यांची आणि एक छताला भिडलेली, पट्टीच्या चढणाऱ्यांची. रविवारी देवळीहूनही पोरं येऊ लागली, तशी हसणाऱ्यांची तोंडं बंद झाली.

आज उंच भिंतीवर त्यांचा मुलगा स्वप्निल चढला होता. त्याच्या कमरेचा दोर वरच्या कडीतून खाली आला होता आणि तो धरून उभी होती त्याची बायको, हर्षा. वर पोचला की तो दरवेळी विचारायचा, "सोडू का हात?" ती चिडवायला म्हणायची, "नाई." तो हसून हात सोडायचा, ती त्याला अलगद खाली घ्यायची. चारचौघांत एवढीच काय ती थट्टा; सासऱ्यांपुढं नवऱ्याचं नाव घ्यायची सोय नव्हती.

हर्षानं ओढणी कमरेला आवळली आणि ती टर्रकन फाटली. नवीकोरी ओढणी! चाचपली तर जागोजागी भोकं. काल रात्रभर ती दोराच्या वेटोळ्यात पडली होती, इन्व्हर्टरच्या बॅटरीवर. दोर तिथंच ठेवायचा हा सासऱ्यांचा हुकूम, कारण तिथं उंदीर फिरकत नाहीत. उंदीर शहाणे हो! परवाच बॅटरीतलं अ‍ॅसिड सांडलं होतं. ओढणी खाल्ली त्यानं, मग दोर सोडला असेल? तिनं मान वर केली.

"सोडू का हात?"

"नाई."

तो हसला.

"खरंच नाई!"

तो आणखीच हसला. एक हात सुटला.

"स्वप्निल!"

गोदामातल्या सगळ्या माना तिच्याकडं वळल्या. सुटलेला हात परत भिंतीला चिकटला.

"लाजशरम हाय का नाई?" प्रभाकरराव खेकसले.

"मामाजी, दोरावर अ‍ॅसिड सांडलं हाय."

"माह्या दोराले हत्ती बांध, तुटनार नाई." त्यांनी दोर तिच्या हातून हिसकला आणि खसकन ओढला.

दोर तुटला. तुटकं टोक हातात घेऊन प्रभाकरराव धपकन खाली बसले.

वर स्वप्निल भिंतीला घट्ट बिलगला होता. आता नुसत्या हातापायांनी उतरायचं होतं, आणि तसा तो आजवर एकदाही उतरला नव्हता.

हर्षानं सवयीनं सासऱ्यांकडं पाहिलं.

"घे त्याचं नाव, सूनबाई," प्रभाकररावांनी हात जोडले. "बोलत राह्य त्याच्याशी."

"स्वप्निल," ती म्हणाली, "डावा पाय खाली घे."

त्याचा पाय खुंटी शोधू लागला.