प्रेलसाहेबांचा टाकाऊ प्रसंग

ऑगस्टस प्रेल हॉलिवूडला आले ते सहा आठवड्यांसाठी. त्याला चौदा वर्षं झाली. येण्यापूर्वी तीन कादंबऱ्या, आल्यावर एकही नाही. चौथीचं नाव मात्र दर नाताळला बदलायचं. सिनेमाला ते ‘ओकारी’ म्हणत आणि स्टुडिओच्या मोटारीतून घरी जात.

त्यांच्याच कादंबरीची पटकथा त्यांनी डोक्यात ठेवली होती म्हणे. कागदावर आणली इडा क्रोनिनने, सात महिने बसून. अकरा वर्षं ती स्टुडिओत लिहीत होती. पडद्यावर नाव एकदाही नव्हतं. या वेळी तरी येईल म्हणावं, तर प्रेलनी लेखक संघाकडे अर्ज ठोकला : सगळं मी तोंडी सांगितलं, तिने टंकलं, नाव माझं एकट्याचं लागावं. पानं सगळी इडाच्या टंकयंत्रावरची. नावाचा वाद मिटवणारे संघाचे पंच कुणाचं खरं मानणार?

दुपारी कँटीनमध्ये प्रेल सूपचा वाडगा घेऊन तिच्यासमोर बसले.

“मनाला लावून घेऊ नकोस गं. टंकलंस मात्र सुबक.”

“आभारी आहे, साहेब. पण तुम्ही सांगितलेले प्रसंग कोणते?”

“कोर्टाचा, म्हातारीचा, शेवटचा. ज्यांत जीव आहे ते माझे.” तिन्ही इडाचे होते. “स्टेशनवरचा निरोप तेवढा तुझा. ती रडारड, तो हातमोजा छातीशी कवटाळणं! असलं बाजारू मला तापातसुद्धा सुचायचं नाही.”

इडाने चमचा खाली ठेवला.

“मग तसं लिहूनच द्या ना. माझा गचाळपणा उगाच तुमच्या माथी कशाला?”

प्रेलनी तिथल्या तिथे लिहिलं, सही केली, ‘बाजारू’खाली दोन रेघा ओढल्या.

इडाने तो कागद पंचांकडे धाडला. सोबत प्रेलची कादंबरी, पान दोनशे बारावर खूण घालून. स्टेशन, रडारड, हातमोजा, सगळं तिथे छापलेलं होतं. तिलाही ते भिकारच वाटलं होतं. पण नावाजलेल्या माणसाचं म्हणून तिने एक शब्द हलवला नव्हता.

संघाच्या चिटणीसाने प्रेलना फोन केला.

“दोनशे बारावं पान आठवतं का, साहेब?”

“कुणाच्या पुस्तकाचं?” प्रेल म्हणाले.

पटकथेला नाव लागलं इडा क्रोनिनचं, एकटीचं.